डावा गुडघा

खासदार छ्यू यूलुआन हिच्याबद्दल आमच्या नानतिंग गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: तिला वांगये देवाने उभं केलं. पक्षाने नाही, नवऱ्याने नाही, देवाने. कालवं सोलणाऱ्या बायका हेच सांगतात आणि बँकेतला टाय लावलेला मॅनेजरही हेच सांगतो.

खोटं आहे. तिला माझ्या डाव्या गुडघ्याने उभं केलं.

मी तिची नणंद, आखिम. एकवीस वर्षं मी तिची गाडी चालवली, तिच्या भेटींच्या याद्या लिहिल्या, आणि एकवीस वर्षं तोंडाला टाके घालून बसले.

सुरुवात माझ्या भावापासून झाली. आमच्याकडे बऱ्याच गोष्टींची सुरुवात पुरुषाच्या मूर्खपणात होते आणि शेवट बाईच्या कमरेत. दादा, म्हणजे श्याओ चुन-फा, नगरपंचायतीत सदस्य होता. मतं विकत घेताना सापडला. त्या वर्षी सगळेच घेत होते, पण वाटपाच्या पिशव्यांवर स्वतःचं नाव छापणारा तेवढाच एक निघाला. तीन वर्षं आत गेला. जागा रिकामी झाली.

रिकामी जागा गटाला सहन होत नाही. आणि गट म्हणजे कांग. कांग थिएनसाय हा वांगयेच्या देवळाचा अध्यक्ष, मच्छीमार संघाचा अध्यक्ष, पाण्याच्या पाटांचा अध्यक्ष. ज्या खुर्चीला हात असतात त्या प्रत्येक खुर्चीत त्याचे कोपर टेकलेले. दादाला आत नेलं त्याच्या चौथ्या दिवशी तो आमच्या शेडमध्ये आला. वहिनी कालवं सोलत बसली होती. तो उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला,

"यूलुआन, तुला उभं राहायचंय."

"उभीच असते की मी. सोलताना तेवढी बसते."

"निवडणुकीला."

वहिनीने सुरी थांबवली नाही. "कांगकाका, मला चार माणसांत बोलता येत नाही. मुलं लहान आहेत. आणि मी माहेरी जायचं ठरवलंय, नाशपातीची कलमं करायला. बाबांनी झाडं माझ्या नावावर ठेवलीत."

ती डोंगरातली. तिथे हिवाळ्यात नाशपातीच्या झाडांवर थंड मुलखातल्या काड्या बांधतात, मग ऊन असलेल्या खोऱ्यातही गोड फळ धरतं. पण कलम एका वर्षापुरतंच. दर हिवाळ्यात परत शिडी, परत सुरी, परत फीत. वहिनीचा हात या कामात असा होता की तिचे वडील सुनांना बाजूला सारून हिला बोलवायचे. लग्न होऊन ती समुद्रावर आली, चिखलात पाय रोवले, पण डिसेंबर लागला की तिची बोटं उगाच हलायची.

"झाडं कुठे पळून जाताहेत?" कांग म्हणाला. "एकच टर्म. चुन-फा बाहेर येईपर्यंत."

"नाही."

कांगने वाद घातला नाही. त्याची हीच खरी ताकद. तो म्हणाला, "बरं. मी सांगतो म्हणून नको. वांगयेला विचारू. त्याचं तरी ऐकशील?"

इथे वहिनी चुकली. आमच्या किनाऱ्यावरचं कुणीही चुकलं असतं. देवाला विचारायचं नाही असं म्हणायची सोय आमच्याकडे नाही. तिने मनात हिशेब केला असणार, की सलग तीन होकार कुठे येतात? माणसं नवी होडी पाण्यात घालायला नऊ नऊ वेळा कौल लावतात आणि कंटाळून घरी जातात. ती म्हणाली, "सलग तीन आले तर उभी राहीन. मधे एक जरी चुकला तर मी माहेरी."

"ठरलं," कांग म्हणाला.

देवळात त्या दुपारी दीडशे माणसं होती. कौलाच्या फोडी तुम्हाला सांगायला नकोत, तरी सांगते: चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एका अंगाने सपाट, एका अंगाने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. दोन्ही सपाट वर आले की देव हसला. उत्तर नाही, होकार तर नाहीच.

वहिनी मधे गुडघे टेकून बसली, तिच्या डाव्या हाताला मी, उदबत्त्या धरून. पहिल्यांदा टाकल्या: होकार. दुसऱ्यांदा: होकार. लोक पुढे सरकले. तिसऱ्यांदा वहिनीने फोडी जरा उंचावरून टाकल्या. एक तिथेच थांबली, सपाट अंग वर. दुसरी घरंगळत माझ्याकडे आली आणि फुगीर पाठीवर डुलत राहिली, सपाट अंग वर. डुलत होती, पण थांबायलाच आली होती. वांगये हसला होता.

मी गुडघा दोन बोटं सरकवला. फोड कलंडली आणि पालथी पडली.

"होकार!" कांग ओरडला. फटाक्यांची माळ बाहेर आधीच टांगलेली होती.

का केलंस, असं विचाराल. मोठं कारण नाही. मी चौतिशीची, बिनलग्नाची. दादा सदस्य असताना त्याच्या ऑफिसात टेबलाशी बसायचे. तिथे पंखा होता. लोक 'आखिमताई' म्हणायचे. वहिनी माहेरी गेली असती तर मी परत शेडमध्ये, सुरी हातात, नखांत कालवांचा वास. मला तो पंखा हवा होता. माणसं याहून क्षुल्लक गोष्टींसाठी दुसऱ्याचं आयुष्य विकतात, मी पहिली नाही.

वहिनीने तीनदा डोकं टेकलं. उठली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला म्हणाली, "आखिम, खरंच बोलला गं तो."

"हो," मी म्हणाले.

पोस्टर छापताना तिच्या नावाच्या आधी आमचं आडनाव चिकटवलं, श्याओ छ्यू यूलुआन, म्हणजे कुणाची बायको ते लांबूनच कळावं. वहिनी पोस्टर बघून म्हणाली, "चांगलं कलम केलंय. फळ कुणाचं म्हणायचं?"

ती निवडून आली. नंतर कळलं, की तिला चार माणसांत बोलता येत नाही हेच तिचं भांडवल. आमच्याकडे पुढाऱ्याने बोलायचं नसतं, जायचं असतं. मयताला जायचं, लग्नाला जायचं, देवळाच्या जेवणाला जायचं. गाडीत दोन जॅकेटं कायम टांगलेली: मयताचं काळं, लग्नाचं डाळिंबी. वहिनी मागच्या सीटवर भाताचा गोळा खात खात विचारायची,

"आज किती मेले?"

"पाच. आणि एक लग्न."

"लग्न आधी का मग?"

"दोन मयतं, मग लग्न, मग उरलेली तीन."

"लग्नवाल्यांना सांग, जिवंत राहा, परत यायला वेळ नाही."

मयताच्या मंडपात मोठ्या माणसांना नाव पुकारून पुढे बोलावतात. हुद्द्याप्रमाणे. मोठा आधी, लहान मागून. पंचायतीची सदस्य असताना वहिनीचं नाव अकरावं यायचं. तोवर प्रेताच्या नातेवाइकांचे डोळे कोरडे झालेले असायचे. ती जिल्हा परिषदेवर गेली तेव्हा सहावी झाली. नगराध्यक्ष झाली तेव्हा तिसरी. तिची कारकीर्द मी वर्तमानपत्रात नाही बघितली. मृताच्या फोटोपासून ती किती पावलांवर उभी, त्यावर मोजली.

आणि ती कामाची होती, हे कबूल केलं पाहिजे. कांगला बाहुली हवी होती. त्याला गाढव मिळालं, ओझं वाहणारं. कुणाचं वीज कनेक्शन तोडलं, वहिनी. कुणाच्या म्हाताऱ्याला हॉस्पिटलात खाट नाही, वहिनी. गटार तुंबलं तर ती पोटऱ्यांपर्यंत उतरून बघायची, फोटोवाला नसतानासुद्धा. लोक तिला 'यूलुआनअक्का' म्हणायला लागले. जितकं काम करी तितकी दोरी घट्ट. नालायक असती तर केव्हाच सुटली असती.

दादा तीन वर्षांनी बाहेर आला. जागा परत मागेल असं वहिनीला वाटलं होतं; तिने खरं तर त्याची वाट पाहिली होती. पण त्याने ऑफिसातला, पाहुण्यांना चहा ओतायचा लाकडी पाट बघितला, लोक येऊन वाकताहेत ते बघितलं, आणि त्याला कळलं की काम न करताही हे मिळतं. तो पाटाशी बसला तो बसलाच. फोन घ्यायचा, "श्याओ बोलतोय." कुठला श्याओ, कोण विचारणार?

दर वेळी हेच. टर्म संपत आली की वहिनी म्हणायची, "हे शेवटचं. या हिवाळ्यात मी डोंगरात." आणि निवडणूक नेमकी डिसेंबरात नाही तर जानेवारीत, बरोबर कलमांच्या दिवसांत. कांग यायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "मी कोण तुला अडवणारा? चुन-फा कोण? वांगयेने सलग तीन दिलेत. त्याने दिलेलं तू परत करणार? कर. मीही बघतो, कसं करतात ते."

वहिनी खरी श्रद्धाळू होती. हे मला माहीत होतं आणि मी गाडी चालवत होते.

मग खासदारकी. पक्षाला आमच्या किनाऱ्यावर बाई हवी होती, गटाला राजधानीत, तैपेईत माणूस हवा होता, दादाला खासदाराचा नवरा व्हायचं होतं. वहिनीला काय हवं होतं, हे तेव्हा कुणाला आठवत नव्हतं. प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी मासळीबाजारासमोर ट्रकवर तिने गुडघे टेकले, रिवाजाप्रमाणे. हरतोय असं वाटलं की टेकायचे. ती हरत नव्हती. पण कांग म्हणाला, "टेकून घे, कशाला धोका." मीही मागे टेकले. माझ्या डाव्या गुडघ्याखाली खडा आला. मी तो काढला नाही.

निवडून आली. मयतात पहिला नंबर.

देशाच्या सभागृहात वहिनीने पहिलं काम केलं ते खुर्च्या रचण्याचं. विरोधक अध्यक्षांच्या टेबलावर चढू नयेत म्हणून दारात खुर्च्या रचायच्या होत्या. ती कालवांच्या टोपल्या रचत आलेली बाई. तिच्याइतकी पक्की रास कुणाचीच झाली नाही. पक्षाचा प्रतोद म्हणाला, "अक्का, तुम्ही पुढे उभ्या राहा. बायकांना ते ढकलत नाहीत." ढकललं. टीव्हीवर सगळ्या नानतिंगने पाहिलं, खासदारबाई एका परक्या पुरुषाच्या काखेत अडकल्यात. फोन केला तर म्हणाली, "काही नाही गं. त्याने डिओ मारला होता."

मतदान असलं की प्रतोदाचा मेसेज यायचा: हिरवं बटण. किंवा: लाल. एकदा ती मला म्हणाली, "आखिम, दहा वर्षांपूर्वी मी सांगितलं की गटार साफ व्हायचं. आता माझ्या बोटाने सगळ्या देशाचा कायदा होतो, आणि बोट माझं नाही."

दोन टर्म झाल्या. ती अठ्ठावन्नची झाली. तिसरीची तयारी सुरू होती, तेव्हा ऑक्टोबरात डोंगरातून तिच्या भावाचा फोन आला. मी गाडी चालवत होते, फोन मोठ्या आवाजावर होता.

"ताई, झाडांचं काय करायचं सांग."

"काय म्हणजे?"

"माझ्याने शिडी चढवत नाही आता. मुलगा करणार नाही. शेजारी जमीन मागतोय खोल्या बांधायला. तुझ्या नावावर आहेत म्हणून विचारतो."

"मी येते."

"असं तू मला दोन हजार पाच सालापासून सांगतेस."

वहिनीने हातातला भाताचा गोळा परत कागदात गुंडाळला.

"या जानेवारीत आलीस तर झाडं राहतील," तो म्हणाला. "नाही तर मी करवत लावतो. रागावू नकोस. कलम न केलेलं झाड बघवत नाही."

त्याच दुपारी ऑफिसात, दादा आणि कांगसमोर, वहिनीने सांगितलं, की मी उभी राहत नाही.

दादा हसला. "बरं वाटत नाहीये का? डॉक्टरकडे जाऊन ये."

"मी जाणार आहे. डोंगरात."

"अगं, पोस्टर छापून झालेत."

"तुझं तोंड छाप त्याच्यावर. तसंही फोनवर तूच खासदार असतोस."

दादाचा कप खाली आदळला. कांगने त्याला हाताने थांबवलं. कांग आता ऐंशीचा होता, पण आवाज तोच, कोमट. "यूलुआन, मी तुला कधी जबरदस्ती केली? सांग. एकदा तरी?"

"नाही."

"तूच म्हणाली होतीस, तीन आले तर उभी राहीन. आले. ते तीन काय एका टर्मचे होते? देवाने टर्म सांगितली होती? त्याने सोडलं असेल तर तो सांगेल. तोवर आपण काय करायचं?"

"मग परत विचारू या."

"दिलेला कौल परत विचारायचा नसतो. अपमान असतो तो."

वहिनी उठून गाडीत येऊन बसली. संध्याकाळची चार मयतं बाकी होती. मी गाडी खाडीच्या कडेने काढली. आरशात ती दिसत होती. रडत नव्हती. मांडीवरच्या पर्सच्या पट्ट्याला ती बोटांनी गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. कलमाची फीत बांधतात तशी.

मी गाडी थांबवली.

"काय झालं?"

"वहिनी, त्या दिवशी तिसरा होकार नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"पहिल्या. देव हसला होता. दोन्ही सपाट. एक फोड माझ्यापाशी डुलत होती. मी गुडघ्याने पालथी केली."

खाडीत भरती चढत होती. एका माणसाने बांबूचा तराफा दोरीने ओढत किनाऱ्याला आणला, बांधला, निघून गेला.

"कुठला गुडघा?"

"डावा."

तिने पुढे वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. पँटवरूनच. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

"एकवीस वर्षं, वन्सं," ती म्हणाली. रागावली की ती मला वन्सं म्हणायची आणि तुम्ही म्हणायची. "माझी आई गेली तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या मयतात वाकत होते. मुलगा मला बघायला टीव्ही लावायचा. आणि मी स्वतःला सांगत होते, देवाचं काम आहे, तक्रार कशाची. तुम्ही पुढच्या सीटवर बसून ऐकत होतात."

"हो."

"कशासाठी?"

"पंख्यासाठी."

तिने एकदा श्वास सोडला, हसल्यासारखा. मग अचानक सरळ बसली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी एकवीस वर्षांत बघितलं नव्हतं. आनंद.

"म्हणजे मी बांधलेली नाहीच," ती म्हणाली. "आखिम, मी कधी बांधलेलीच नव्हते. मी मोकळी आहे. गाडी वळव. देवळात चल. आज कमिटीची बैठक आहे, सगळे असतील. तिथे सांग, त्याच्यासमोर."

"लोक मला फाडतील."

"फाडू देत. तू मला फाडलंस ते कुणाला दिसलं?"

चार मयतं तशीच ठेवून मी गाडी वळवली. त्या दिवशी पहिल्यांदा नानतिंगमधल्या प्रेतांनी खासदाराची वाट बघितली आणि ती वेळेवर आली नाही.

देवळात कमिटीची चौदा माणसं होती, दादा होता, कांग वेताच्या खुर्चीत. वहिनीने मला मधे ढकललं. मी वांगयेच्या काळ्या तोंडाकडे बघितलं, गुडघे टेकले आणि सांगून टाकलं. काही लपवलं नाही. पंखाही सांगितला.

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं. उदबत्त्या विकणारी म्हातारी म्हणाली, "अगं बाई," आणि दुकान बंद करायला लागली, जणू आता वीज पडणार. दादा हात उगारून आला. "रांडे, घराची अब्रू—"

"चुन-फा, बस," कांग म्हणाला.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला ओळखते. रागाने बघत नव्हता. मासा उचलून वजन बघतात तसा बघत होता. वहिनी माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास मला मानेवर कळत होता, हलका, पळायला तयार असलेल्या माणसाचा.

"आखिम," कांग म्हणाला, "उठून उभी राहा."

मी उभी राहिले.

"चाल जरा. त्या खांबापर्यंत. आणि परत ये."

मी चालले. परत आले.

"गुडघा दुखतो?"

"नाही."

"या एकवीस वर्षांत कधी सुजला? मुरगळला?"

"नाही."

"मच्छीमार संघाच्या लिननं देवळाच्या आवारात लघवी केली होती, आठवतं ना सगळ्यांना? सहा महिन्यांत मूतखडा. वांगये कुणाचं ठेवून घेत नाही. आणि या बाईने त्याच्या पायाशी, भर दुपारी, त्याचा कौल उलटा केला. आणि एकवीस वर्षं ठणठणीत. गाडी चालवते." तो चौदा तोंडांकडे बघत गेला, एकेक करून. "मला एकच विचारायचंय. हा गुडघा हलवला कुणी?"

"मी," मी म्हणाले.

"तुला वाटतं तू. तुला पंखा हवा होता, तू म्हणतेस. पण पंखा हवा असं तुझ्या मनात घातलं कुणी? नेमक्या त्या क्षणी? तो हसला, मग त्याचं मन बदललं, आणि जवळ होतं ते हत्यार त्याने वापरलं. त्याला हात कुठेत? आपणच त्याचे हातपाय."

कमिटीने श्वास सोडला. मी तो आवाज ऐकला, बसच्या ब्रेकसारखा. कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." दुसरा म्हणाला, "उलट हा तर चमत्कार." म्हातारीने दुकानाची फळी परत वर केली.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "मी होते. मी."

"गर्व करू नकोस," कांग म्हणाला.

मी मागे वळले. वहिनीच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून गेला नव्हता, पण आता त्याला कुठे बसावं ते कळत नव्हतं. ती पुढे आली. "असं असेल तर त्यालाच विचारा," ती म्हणाली. "हा जुना कौल नाही. नवा प्रश्न आहे. अपमान नाही यात. मी टाकते."

कांग थांबला. मला वाटलं, अडकला म्हातारा. मग तो म्हणाला, "टाक. तीनदा."

वहिनीने फोडी कपाळाला लावल्या. स्पष्ट आवाजात, सभागृहात कधी बोलली नाही इतक्या स्पष्ट आवाजात विचारलं, "वांगये, मी छ्यू यूलुआन. त्या दिवशी आखिमचा गुडघा तुम्ही हलवलात का? नसेल तर नाही म्हणा. मी घरी जाईन."

टाकल्या. होकार.

तिने उचलल्या. टाकल्या. होकार.

वहिनीने तिसऱ्यांदा उचलल्या, आणि टाकायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मागे सरले. आणखी मागे. खांबाला पाठ टेकवून उभी राहिले, दोन्ही हात मागे, गुडघे ताठ. तिच्यापासून माझ्यापर्यंत नऊ-दहा फरशा होत्या.

फोडी पडल्या. एक जागीच थांबली, फुगीर अंग वर. दुसरी पाठीवर डुलायला लागली. सपाट अंग वर, खाली, वर. मी देवाला मानत नव्हते असं नाही, पण त्या वेळी मी त्याला शिव्या देत होते, मनात, एकामागून एक, मासळीबाजारातल्या. पड गं, पालथी पड, मोड हे सगळं.

ती सपाट अंग वर करून थांबली.

होकार.

या वेळी फटाके टांगलेले नव्हते, आणायला माणूस पाठवावा लागला. दादाने मला मिठी मारायचा प्रयत्न केला. आता मी घराची अब्रू होते. वहिनी गुडघ्यांवर तशीच होती. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली,

"आखिम, तू कुठे उभी होतीस?"

"खांबापाशी."

"खात्रीने?"

"खात्रीने."

"हं," ती म्हणाली. फोडी दोन्ही हातांनी उचलून तिने वेदीवर जागच्या जागी ठेवल्या, एकमेकींना टेकून. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चल. दोन मयतं अजून गाठता येतील."

आता लोक माझा गुडघा बघायला येतात. बायका हात लावून नमस्कार करतात. एकीने तिच्या मुलाच्या परीक्षेसाठी त्यावर लाल धागा बांधला. मी खरं सांगितलं होतं, आणि त्याचंच त्यांनी पोस्टर केलं.

जानेवारीत मतदान झालं. वहिनी चार हजारांनी निवडून आली. शेवटच्या संध्याकाळी ट्रकवर तिने गुडघे टेकले, मी टेकले नाहीत. गर्दीला तेही आवडलं. म्हणाले, तो गुडघा जमिनीला लावायचा नसतो.

भावाने झाडं कापली. पण कापायच्या आधी त्या हिवाळ्यासाठी आणलेल्या काड्या त्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तैपेईला पाठवल्या, खासदार निवासाच्या पत्त्यावर. काड्या थंडीत ठेवल्या तर टिकतात, मार्चपर्यंत. वहिनीने त्या फ्रिजमध्ये ठेवल्या, अंड्यांच्या खालच्या खणात. कागद वाळला की ती पाणी शिंपडायची.

एप्रिलात मी निवासावर गेले होते, याद्या घेऊन. फ्रिज उघडला तर वास आला. काड्यांचे डोळे काळे पडलेले, साल सुटलेली.

"वहिनी, हे टाकायचं का?"

ती काळ्या जॅकेटचा हात घालत होती. दारात थांबली.

"मी कोण सांगणार?" ती म्हणाली. "वांगयेला विचार. आणि तुझा गुडघा सोबत ने."